निळ्या खुणेची वाट

सासरे दर हिवाळ्यात यायचे तसे यंदाही आले, आणि त्यांचा मुलगा घर सोडून गेलाय हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

'राहून गेलं' असं ती स्वतःला समजवायची. खरं तर ते ठरवूनच ठेवलं होतं. नवरा गेला त्या दिवशी बॅग हातात घेऊन दारात म्हणाला होता, "बाबांना मी सांगेन. तू मध्ये पडू नकोस." मग त्याने काही सांगितलं नाही आणि तिने काही विचारलं नाही. सासऱ्यांच्या गावी हिवाळ्यात नळातलं पाणी गोठायचं. त्यांच्या छातीला ते सोसायचं नाही, म्हणून थंडी सुरू झाली की ते समुद्राकाठच्या या शहरात मुलाकडे येऊन राहायचे. इथला हिवाळा म्हणजे नावालाच. दुपारी लोक खिडक्या सताड उघड्या टाकून जेवायला बसायचे.

स्टेशनवर उतरल्या उतरल्या सासऱ्यांनी तिच्या पाठीमागे नजर टाकली. "सोन्या कुठाय?"

"साइटवर गेलाय. लांबचं काम आहे, बाबा. बरेच दिवस लागतील म्हणतो."

मुलगा इमारतींना लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता, त्यामुळे हे खपून गेलं. पुढे रोज संध्याकाळी त्याचा फोन यायला लागला. "बाबा, इकडे काय गारठा आहे म्हणून सांगू!" तो याच शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून सांगायचा. सासरे कळवळायचे, "कानटोपी घाल रे बाबा. लहानपणापासून तुझे कान नाजूक." ती स्वयंपाकघरात भांडी विसळत हे ऐकायची आणि तोंडात मिठाची गुळणी धरून राहायची. एकत्र राहात होती तोवर नवरा-बायकोचं पडद्याच्या रंगावरूनही कधी एकमत झालं नव्हतं. खोटं बोलण्यात मात्र त्यांचं छान जमलं.

पण सगळा दोष तिने नवऱ्यावर ढकलला नव्हता. सासऱ्यांना कळलं की ते दुसऱ्या दिवशी सामान बांधणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. 'आता मी इथे कुठल्या नात्याने राहू?' म्हणतील आणि जातील. आणि तिला ते जायला नको होते. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात काम करायची. दिवसभर प्लॅस्टरच्या जबड्यांसमोर बसून मेणात एकेक दात बसवायचा, तासायचा, चकचकीत करायचा. संध्याकाळी पाय ओढत घरी यावं तर सासरे दार उघडून विचारायचे, "काय सूनबाई, आज कितीजणांना हसायला लावलंस?" विनोद रोज तोच असायचा. पण घरात रोज तोच विनोद करणारं कुणीतरी असणं किती मोठी गोष्ट आहे, हे मधले काही महिने रिकाम्या घरात काढल्यावर तिला कळलं होतं.

रविवारी दोघं डोंगरावर फिरायला जायची. शहराच्या मागे डोंगरांची एक रांग थेट समुद्रात उतरत गेली होती आणि तिच्या अंगाखांद्यावर पायवाटांचं जाळं होतं. काही लाल रंगाने खुणा केलेल्या, काही निळ्या. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायची सोय नव्हती, दगड तव्यासारखे तापायचे. हिवाळ्यात मात्र सगळं शहर तिकडे लोटायचं. झुडपं पिवळ्या फुलांनी लगडलेली, पाइनच्या झाडांच्या चिकाचा वास, आणि खाली कुठल्याही वळणावर समुद्र. सासऱ्यांनी सगळा जन्म बस चालवण्यात घालवला होता. "इथे बघ," ते म्हणायचे, "मागून कुणी घंटा मारत नाही, पुढे कुणी हात दाखवत नाही. वाटेल तिथे थांबा, वाटेल तेव्हा निघा. पेन्शन याला म्हणतात."

त्या रविवारी ऊन इतकं मस्त होतं की पहिल्या चढालाच त्यांनी जाकीट काढून हातावर टाकलं. ती निर्धास्त होती. नवरा या बाजूला फिरकण्याची भीती तिला नव्हती. कोपऱ्यावरून पाव आणायलाही गाडी काढणारा माणूस तो. डोंगर त्याने कॅलेंडरवरच पाहिलेला.

लाल आणि निळी वाट जिथे मिळतात तिथे एक चहाची टपरी होती. समोर लाकडी बाकं, समोर समुद्र. सासरे दोन पावलं पुढे होते. ते एकाएकी थांबले, तेव्हा तिला वाटलं दम लागला असेल.

कडेच्या बाकावर त्यांचा मुलगा बसला होता. नवेकोरे बूट, डोक्यावर उन्हाची टोपी. तो संत्रं सोलत होता. एकेक फोड नीट शिरा काढून शेजारी बसलेल्या बाईच्या तळहातावर ठेवत होता. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने कधी स्वतःसाठीसुद्धा संत्रं सोललं नव्हतं. त्या तशा वेळीही तिच्या मनात आधी हेच आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"सोन्या," सासरे म्हणाले.

तो उठला. संत्र्याची सालं मांडीवरून खाली पडली. "बाबा... तुम्ही? अहो, मी आजच... म्हणजे काल रात्रीच आलो, म्हटलं सकाळी..."

"काल संध्याकाळी तू म्हणालास, हात बधिर झालेत थंडीनं."

शेजारची बाईही उठून उभी राहिली. चाळिशीची, केस बारीक कापलेले, डोंगर चढणाऱ्या सराईत लोकांसारखी काठी हातात. नवरा जिच्याकडे राहायला गेला ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते, एवढंच सुनेला ऐकून माहीत होतं. मनातल्या मनात ती तिला 'चष्मेवाली' म्हणायची. बाईने हात पुढे केला आणि अगदी मोकळेपणाने म्हणाली, "बाबा ना? बरं झालं भेटलात. तब्येत कशी आहे आता? हा म्हणाला होता, बरं वाटलं की भेटायला नेईन."

सासऱ्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग हळूच सुनेकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिच्या जिभेवर ते आलंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिला ते उच्चारता येईना. "हो, बाबा."

"मी आलो तेव्हापासून?"

"त्याच्याही आधीपासून."

मुलाचं खोटं उघडं पडलं तेव्हा त्यांचा चेहरा नुसता कठीण झाला होता. आता तो कोसळला. "म्हणजे रोज संध्याकाळी तुम्ही दोघं मिळून..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. जाकीट बाकावर टाकलं. "मी जरा पुढे जाऊन येतो. माझ्या मागे कुणी यायचं नाही. कुणी म्हणजे कुणीही नाही."

आणि ते निळ्या वाटेने उतरू लागले. भर रस्त्यात प्रवाशांनी कितीही आरडाओरडा केला तरी मागे वळून न पाहण्याची सवय असलेला माणूस, तो आताही वळला नाही.

तिघं तिथेच राहिली. सूत्रं हलवायची कुणी हेच कळेना. मुलगा बायकोवर उखडला, "इकडे कशाला आणलंस त्यांना? घरात बसवता येत नव्हतं?"

"तू सांगणार होतास त्यांना."

"सांगणारच होतो! वेळ यायला लागते गोष्टींची."

"थांब," चष्मेवाली म्हणाली. तिचा आवाज अजून शांतच होता, पण त्यातला मोकळेपणा गेला होता. "त्यांना माहीत नव्हतं? तू मला म्हणालास की बाबांना सगळं सांगितलंय. रागावले, पण त्यांनी मान्य केलंय. फक्त आजारी आहेत म्हणून भेट नाही."

मुलगा समुद्राकडे बघत राहिला. सुनेला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. फसवणाऱ्याने सगळ्यांना सारखंच वाढलं होतं, पंक्तिभेद केला नव्हता, इतकंच.

या भांडणात ऊन कधी गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. समुद्रावरून एक राखी ढग सरकत आला आणि बघता बघता समोरचं टोक दिसेनासं झालं. वारा सुटला. टपरीवाला भराभर खुर्च्या आत घेऊ लागला. मग पाऊस आला. जोराचा म्हणावा असा नाही, बारीक, आडवा, कॉलरमधून आत शिरणारा. फिरायला आलेले लोक हसत, ओरडत लाल वाटेने खाली पळाले.

सासरे आले नव्हते. तिने फोन लावला. बाकावरच्या जाकिटाच्या खिशात तो वाजला.

जाकीट इथे, फोन इथे. अंगावर नुसता एक पांढरा सुती सदरा.

"अगं, इथे कुठे एवढी थंडी असते," मुलगा म्हणाला. "गेले असतील खाली बसस्टॉपवर. बसचा वास आला की बाबा बरोबर पोचतात." हसण्याचा प्रयत्न त्याला जमला नाही.

"भिजल्यावर आणि वाऱ्यात थंडी लागायला बर्फ पडावा लागत नाही," चष्मेवाली म्हणाली. "तू लाल वाटेने बसस्टॉपवर जा. ते तिथे असले तर फोन कर. आम्ही निळ्या वाटेने जातो." मग सुनेकडे वळून म्हणाली, "तुम्हाला चालेल ना माझ्याबरोबर?"

चालायला काय, दुसरा इलाज होता कुठे! टपरीवाल्याकडून थर्मासभर गोड चहा भरून घेतला, जाकीट पोटाशी धरलं आणि दोघी निघाल्या.

निळी वाट चांगल्या दिवसात सगळ्यांत देखणी. कड्याच्या कडेकडेने जाते, प्रत्येक वळणावर लोक फोटो काढायला थांबतात. आता तीच वाट ओळखू येईना. दगड बुळबुळीत झालेले, खुणांचा निळा रंग ओल्या दगडावर काळाच दिसत होता. सून "बाबा! बाबा!" हाका मारत होती आणि वारा हाक तोंडातून काढून भलतीकडेच नेत होता. एकदा तिचा पाय सरकला. चष्मेवालीने दंड धरला आणि ती सावरेपर्यंत सोडला नाही.

"मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"आत्ता नको."

"बरं."

थोडं पुढे गेल्यावर सूनच म्हणाली, "मलाही त्यांना ठेवून घ्यायचं होतं. म्हणून गप्प बसले. एकट्या त्याचंच पाप नाही हे." आपण हे हिच्यापाशी का बोललो, ते तिला कळलं नाही. चष्मेवालीने नुसती मान हलवली आणि पुढची खूण शोधू लागली.

वाटेखाली चुन्याची एक जुनी पडकी भट्टी होती. तिच्या भिंतीच्या आडोशाला काहीतरी पांढरं दिसलं. सासरे पाय पोटाशी घेऊन बसले होते. सदरा अंगाला चिकटलेला, ओठ निळसर. चष्मा कुठे पडला होता कोण जाणे. सून घसरत, बसत खाली उतरली.

"बाबा, मी आलेय."

त्यांनी डोळे उघडले, पण ओळख पटल्यासारखं दिसलं नाही. जड जिभेने म्हणाले, "डेपो बंद झाला. उतरा सगळे. कंडक्टर कुठे गेला? मुलं मागे झोपलीत, त्यांना उठवा कुणीतरी..."

"कापताहेत का ते?" चष्मेवालीने वरून विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

"मग वाईट आहे. ओले कपडे काढायचे सगळे. लाजायचं नाही. त्यांना उभं करू नका, चालवू नका."

ज्या सासऱ्यांसमोर ती कधी ओल्या केसांनीही आली नव्हती, त्यांचा सदरा तिने फराफरा ओढून काढला. त्यांची छाती हाताला मेणासारखी लागली. रोज हाताळत असलेलं मेण, पण ते निदान बोटांनी ऊब धरायचं. तिने आपला लोकरी स्वेटर त्यांना चढवला, वर जाकीट घातलं. चष्मेवालीने स्वतःची टोपी त्यांच्या डोक्यावर ओढली, पिशवी रिकामी करून त्यांच्याखाली घातली आणि सिग्नल मिळेपर्यंत कड्यावर चढून बचाव पथकाला फोन केला. परत येऊन ती त्यांच्या दुसऱ्या बाजूला चिकटून बसली. दोघी दोन बाजूंनी, मध्ये म्हातारा, आणि तिघांवर एकच रेनकोट. सून त्यांना घोट घोट चहा पाजत होती. कितीतरी वेळ काहीच फरक नव्हता. मग त्यांचा जबडा वाजायला लागला, अंगाला कापरं भरलं, आणि चष्मेवालीने रेनकोट त्यांच्याभोवती आणखी घट्ट ओढला. "कापू द्या. कापू द्या त्यांना. चांगलं आहे."

स्ट्रेचर आलं तेव्हा सासरे पहिल्यांदा सुनेकडे नीट बघून म्हणाले, "तुझा स्वेटर कुठाय? गारठशील."

हॉस्पिटलात मुलगा नंतर पोचला. बसस्टॉपवर बाबा नाहीत हे कळल्यावर तो भलत्याच वाटेने वर चढला होता आणि चुकला होता. नवे बूट चिखलाने भरलेले, टाचा सोललेल्या. दारातच चष्मेवाली त्याला भेटली. त्यांच्यात काय बोलणं झालं ते काचेपलीकडे ऐकू आलं नाही. तिने आपली काठी उचलली आणि एकटीच निघून गेली एवढं दिसलं. जाताना सुनेला हात करावा की नाही असं तिचं एक क्षण झालं, मग तिने केला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना चांगली शुद्ध आली. मुलगा पलंगाशी उभा राहून म्हणाला, "बाबा, हिने तुम्हाला वेळेवर..."

"हिचं हिला सांगू दे. तू तुझं सांग."

"काय सांगू?"

"कुठे राहतोस, कुणाबरोबर राहतोस, आणि रोज संध्याकाळी मला गारठ्याच्या गोष्टी का सांगत होतास. एवढंच. मला रागवायला ताकद नाही, तेव्हा घाबरू नकोस."

तो सांगू लागला. अडखळत, मध्येच रडत. सून बाहेर जायला उठली तर सासऱ्यांनी हाताने बसवलं. सगळं ऐकून झाल्यावर ते मुलाला एवढंच म्हणाले, "आता घरी जा आणि टाचांना काहीतरी लाव." तो गेल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

त्यांच्या छातीत पाणी झालं होतं. हॉस्पिटल लांबलं. गावाहून नणंद धावत आली, घरात पाऊल टाकल्या टाकल्या बाबांचे कपडे घड्या करून बॅगेत भरू लागली. "मी नेते बाबांना. वहिनी, राग मानू नकोस, पण आता तुझा काय संबंध राहिला? उद्या कागद होतील, मग?"

सासरे खुर्चीत बसून ऐकत होते. नुकतेच घरी आलेले, आवाज फाटलेला. "या थंडीत तुझ्या घरी नेऊन मला मारायचंय का? डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? मी इथे राहिलो तर हिला चालेल का ते हिला विचारायचं. कपड्यांना नाही."

दोघं तिच्याकडे बघू लागली. 'हे काय विचारणं झालं, बाबा! तुमचंच घर आहे,' हे वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. गेल्या काही महिन्यांत अशी गोड वाक्यं तिने बरीच वापरली होती. तिने ते गिळलं.

"मला दमायला झालंय, बाबा. तुम्ही समोर असलात की मला तोही आठवतो. पण तुम्ही गेलात तर घर खायला उठतं. थंडी संपेपर्यंत राहा. त्यानंतरचं मला आज नाही सांगता येत."

नणंदेने 'बघा!' अशा अर्थाने हात उडवले. सासऱ्यांनी मात्र सुनेलाच विचारलं.

"तू मला त्याच वेळी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गेला असता."

"गेलो असतो," ते म्हणाले. "चिडून गेलोच असतो." मग मुलीला म्हणाले, "कपडे काढ बॅगेतून."

उरलेला हिवाळा काही गोड गेला नाही. ते खोकत असायचे, तिला रात्री उठावं लागायचं, कामावर डोळे मिटायचे. एकदा तिने चुकीच्या जबड्यावर दात बसवले आणि मालकाचं बोलणं खाल्लं. सासरे पूर्वीसारखे बोलत नव्हते. कुठलीही साधी गोष्ट तिने सांगितली तरी क्षणभर थांबायचे, खरी की खोटी ते जोखल्यासारखे. तिला ते लागायचं. डोंगराकडे दोघं परत गेली नाहीत. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, भिंतीला टेकून दम घ्यायचा आणि परत यायचं. एक दिवस परतताना ते आपण होऊन तिच्या कारखान्यातल्या कामाबद्दल विचारू लागले, आणि तिचं उत्तर जोखायला ते थांबले नाहीत. ती घरी येऊन मोरीत जाऊन रडली.

त्यांच्या गावी बर्फ वितळल्याचं नणंदेने कळवलं तेव्हा ते निघाले. मुलगा सामान न्यायला आला. आता तो एकटाच भाड्याच्या खोलीत राहात होता. चष्मेवालीने त्याला परत घेतलं नव्हतं, आणि सुनेनेही घेतलं नव्हतं, त्याने एकदा आडून विचारून पाहिलं होतं तरी. स्टेशनवर बाप-लेक सीट नंबर, पाण्याची बाटली, खिडकी उघडते का, असलंच काहीबाही बोलत राहिले. गाडी हलली तेव्हा सासऱ्यांनी दोघांकडे बघून सारखाच हात हलवला.

फलाट रिकामा झाला. मुलगा चुळबुळत उभा होता. "बाबा अजून रागावलेत का गं माझ्यावर?"

इतकी वर्षं बापाच्या मनातलं लेकाला आणि लेकाच्या मनातलं बापाला तीच सांगत आली होती, बरंचसं सावरून, थोडंफार पदरचं घालून. आताही उत्तर तयार होतं.

"त्यांना फोन कर आणि विचार," ती म्हणाली, आणि कामाला उशीर होत होता म्हणून भराभर जिना चढून गेली.